दोन उन्हाळे आणि काही मिलिमीटर: सॉल्ट मार्श व वाढत्या समुद्रपातळीवर पदव्युत्तर संशोधन कसं करावं

कोकणातल्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला उधाण आणि भांग वेगळं शिकवावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी बांधाला टेकतं आणि अष्टमीच्या सुमारास अलीकडेच थबकतं, हे पावलांनाच ठाऊक असतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रेट मार्शमध्ये पदव्युत्तर संशोधनाला उतरले तेव्हा माझ्याजवळ एवढीच शिदोरी होती आणि ती शेवटपर्यंत पुरली. बाकीचं तिथल्या चिखलात शिकले, त्यातलं बरंचसं उशिरा. पहिल्याच महिन्यात कुणी सांगितलं असतं तर एक अख्खा उन्हाळा वाचला असता, असं जे जे होतं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सॉल्ट मार्श म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारं आणि ओहोटीला उघडं पडणारं गवताचं खाजण. आपल्याकडे त्या जागेवर तिवरं उभी राहतात. कडाक्याच्या थंडीत तिवरं तगत नाहीत, तिथे गवतं ती जागा घेतात. ग्रेट मार्श केप ॲनपासून न्यू हॅम्पशायरच्या हद्दीपर्यंत पसरलेला आहे, वीस हजार एकरांहून मोठा. न्यू इंग्लंडमध्ये एवढा सलग मार्श दुसरा नाही. माझी उदाहरणं तिथली आहेत, पण व्हर्जिनिया, साउथ कॅरोलिना किंवा जॉर्जियाच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांनाही हीच पद्धत चालेल.

प्रश्न ठरवण्याआधी हिशेब करा

बॉस्टनच्या भरतीमापकाची नोंद 1921 पासूनची आहे. त्या संपूर्ण नोंदीचा सरासरी कल वर्षाला सुमारे 3 मिलिमीटर निघतो. अलीकडच्या दशकांत वेग वाढला आहे. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालानुसार 2006 ते 2018 या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी वर्षाला 3.7 मिलिमीटरने चढत होती. आता तुमचा कालावधी बघा. मास्टर्सला दोन उन्हाळे मिळतात, पीएचडीला चार-पाच. दोन वर्षांत समुद्र फार तर सेंटिमीटरभर चढणार. उलट वारा, हवेचा दाब आणि सागरी प्रवाह यांमुळे एका वर्षाची सरासरी पातळी पुढच्या वर्षापेक्षा काही सेंटिमीटरनी सहज वेगळी पडते. त्यात चंद्राच्या कक्षेचं 18.6 वर्षांचं आवर्तन आहे. मेनच्या आखातात भरतीचा पल्ला मोठा असल्यामुळे त्या आवर्तनाने भरतीची उंचीही काही सेंटिमीटरनी वरखाली होते.

म्हणजे समुद्रपातळीच्या वाढीचा परिणाम तुम्ही तुमच्या दोन उन्हाळ्यांत थेट मोजू शकत नाही. हे पहिल्याच दिवशी मान्य केलं की प्रश्न आपोआप नीट होतो. माझा पहिला प्रस्ताव 'समुद्रपातळी वाढल्याने मार्शच्या वनस्पतींवर होणारा परिणाम' असा होता. तो तसाच राहिला असता तर हाती फक्त दोन वर्षांच्या हवामानातला फरक लागला असता.

यातून सुटायच्या चार वाटा आहेत. पहिली, जागेकडून काळाचं काम करून घेणं: आज जास्त वेळ पाण्याखाली राहणारा सखल भाग हा उद्याच्या उंच भागाचा नमुना मानायचा. दुसरी, पाण्याची खोली स्वतः बदलणं, म्हणजे 'मार्श ऑर्गन'चा प्रयोग. तिसरी, मागे जाणं: गाळाचा उभा नमुना काढून गेल्या शंभर-दीडशे वर्षांचा हिशेब वाचायचा. चौथी, आणि मला सर्वांत जास्त पटलेली, दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदीला आपला छोटा प्रश्न जोडणं. ज्या ठिकाणी 15-20 वर्षांची उंचीची मोजणी आहे, तिथे तुमचे दोन उन्हाळे 'हे असं का होतंय' यावर खर्च करता येतात. 'असं होतंय का' याचं उत्तर आधीच कुणीतरी दिलेलं असतं.

मार्श जगतो कसा, हे आधी पायांनी समजून घ्या

उपकरणं नंतर आणा. पहिल्या महिन्यात एखाद्या ओहोळाच्या काठापासून वरच्या जमिनीपर्यंत सरळ चालत जा आणि काय बदलतं ते वहीत लिहा. काठावर उंच, जाड पात्याचं स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा भेटेल. थोडं आत गेलात की तेच गवत खुजं होतं. त्याच्या वर, फक्त उधाणाच्या पाण्याने भिजणाऱ्या पट्ट्यात स्पार्टिना पेटन्स आडवं लोळलेलं असतं, भोवरा पडलेल्या केसांसारखं. मधे डिस्टिक्लिस हे गवत, मग गवतासारखंच दिसणारं जंकस, आणि कोरड्या जमिनीच्या कडेला आयव्हाची झुडपं किंवा फ्रॅगमायटीस या उंच बोरूचं बेट.

हे पट्टे का पडतात यावर ऱ्होड आयलंडच्या नॅरॅगॅन्सेट खाडीत मार्क बर्टनेस यांनी केलेलं काम या विषयाचा पाया मानलं जातं. थोडक्यात असं: वनस्पतीची खालची मर्यादा पाणी आणि ऑक्सिजनचा अभाव ठरवतात, वरची मर्यादा शेजारणीशी असलेली स्पर्धा ठरवते. अल्टर्निफ्लोराला वरची जमीन आवडत नाही असं नाही, तिथे पेटन्स तिला शिरू देत नाही.

नावांचा एक घोळ लक्षात ठेवा. 2014 मध्ये स्पार्टिना ही प्रजाती स्पोरोबोलस या मोठ्या प्रजातीत विलीन करण्यात आली. बऱ्याच मार्श-अभ्यासकांना ते रुचलेलं नाही. संदर्भ शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर अर्धं साहित्य हातातून निसटेल. प्रबंधात कोणतं नाव वापरायचं ते मार्गदर्शकांना विचारून एकदाच ठरवा.

मार्शची जमीन दोन मार्गांनी वर येते. भरतीचं पाणी गाळ आणून टाकतं, आणि मुळं व खोडं कुजता कुजता पीट बनून साचतात. न्यू इंग्लंडच्या नद्या फारसा गाळ आणत नाहीत, त्यामुळे तिथे पीटचा वाटा मोठा. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी केप कॉडवरच्या बार्नस्टेबल इथे पीटची खोली मोजत गेली सुमारे चार हजार वर्षं हा मार्श समुद्राबरोबर कसा वर चढत आणि बाहेर पसरत आला ते 1972 च्या निबंधात मांडलं. समुद्र चढतो आणि मार्शही चढतो, हा शोध जुना आहे. आजचा प्रश्न वेगाचा आहे.

त्या वेगाचं गणित जेम्स मॉरिस आणि सहकाऱ्यांनी साउथ कॅरोलिनातल्या नॉर्थ इनलेटमध्ये मांडलं, 2002 साली. पाणी थोडं जास्त वेळ राहिलं तर अल्टर्निफ्लोरा उलट जोमाने वाढते, दाट पात्यांत जास्त गाळ अडकतो आणि जमीन वर येते. पण एका खोलीनंतर गवत मरगळतं. मग गाळ अडकत नाही, मुळं वाढत नाहीत आणि घसरण स्वतःलाच ढकलत जाते. तुमची जागा खोली आणि वाढ यांच्या या चढत्या-उतरत्या वक्राच्या कोणत्या बाजूला आहे, हे कळल्याशिवाय 'समुद्र वाढला की गवत कमी होईल' किंवा 'जास्त होईल' यातलं एकही वाक्य लिहू नका.

काही सेंटिमीटरचं मोल बघायचं असेल तर सॉल्टमार्श स्पॅरो हा पक्षी बघा. तो पेटन्सच्या गवतात, जमिनीपासून वीतभर उंचीवर घरटं करतो. अंडी घालण्यापासून पिल्लं बाहेर पडेपर्यंतचं सगळं त्याला दोन मोठ्या उधाणांमधल्या साधारण चार आठवड्यांत उरकायचं असतं. उधाण थोडं वर आलं की पिल्लं बुडतात. 1990 च्या दशकापासून याची संख्या वर्षाला सुमारे 9 टक्क्यांनी घटत आली आहे.

मार्गदर्शक, निधी आणि पत्र

अमेरिकेत दीर्घकालीन परिसंस्था संशोधनाचं एक जाळं आहे, त्याला सगळे एलटीईआर म्हणतात. मार्शसाठी त्यातली तीन ठिकाणं महत्त्वाची: व्हर्जिनिया कोस्ट रिझर्व्ह (1987 पासून), ग्रेट मार्शमधलं प्लम आयलंड (1998 पासून) आणि जॉर्जियाचं सॅपेलो बेट व परिसर (2000 पासून). यांची आकडेवारी खुली असते. मेरीलँडमध्ये स्मिथसोनियनच्या केंद्राजवळच्या कर्कपॅट्रिक मार्शमध्ये 1987 पासून वाढीव कार्बन डायऑक्साइडचा प्रयोग चालू आहे.

प्राध्यापकांना पत्र लिहिण्याआधी त्यांच्या जागेची आकडेवारी उतरवून घ्या आणि एक आलेख काढा. 'मला हवामानबदलाविषयी आस्था आहे' असं लिहिलेली शंभर पत्रं त्यांच्याकडे येतात. 'तुमच्या अमुक ठिकाणच्या उंचीच्या नोंदीत मधेच उडी दिसते, ती बर्फामुळे आहे का?' असं विचारणारं पत्र क्वचित येतं, आणि त्याला उत्तर मिळतं. पत्र दोन परिच्छेदांचं पुरे. पहिल्या भेटीतच ते नावाने हाक मारा म्हणतील. 'सर', 'मॅडम' गळून पडायला आपल्या जिभेला महिना लागतो, त्याची काळजी करू नका.

निधीचं मात्र स्पष्ट विचारा, संकोच नको. नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदव्युत्तर फेलोशिप फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते. भारतातून जाणाऱ्याचा खर्च मार्गदर्शकाच्या अनुदानातून किंवा शिकवण्याच्या कामातून निघतो. तीन प्रश्न विचारा: अनुदान किती वर्षांचं उरलं आहे, उन्हाळ्याचा पगार कुठून येणार, आणि शिकवण्याचं काम ऐन फील्डच्या दिवसांत येईल का. मार्शचं काम मे ते सप्टेंबरमध्येच होतं, म्हणून तिसरा प्रश्न पहिल्या दोघांइतकाच मोठा आहे.

परवानग्या

यांना तीन ते चार महिने धरा. ग्रेट मार्शचा एक भाग पार्कर रिव्हर राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात आहे. तिथे काम करायला केंद्रीय खात्याचा विशेष परवाना लागतो. उरलेला भाग राज्य, संस्था आणि खासगी मालक यांच्यात वाटलेला आहे. पूर्वी मार्शचं गवत गुरांसाठी कापलं जायचं, त्यामुळे कित्येक तुकडे अजूनही लांबट पट्ट्यांत कुटुंबांच्या नावावर आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रत्येक गावाची संवर्धन समिती पाणथळ जागांवर लक्ष ठेवते. तुम्ही चार पीव्हीसी पाइप रोवणार असलात तरी आधी त्यांच्याशी बोला. नकाशा, किती दिवस, काय काय रोवणार आणि ते कधी काढणार, एवढं एका पानावर मांडलं की काम सोपं होतं.

जागा निवडताना जुनी छायाचित्रं काढा

न्यू इंग्लंडच्या मार्शपैकी सुमारे 90 टक्के भागात सरळ चर खणलेले आहेत. त्यातले पुष्कळ 1930 च्या मंदीत डासांच्या बंदोबस्तासाठी मजुरांना काम देताना खणले गेले. चर पाणी ओढून घेतो, पीटमध्ये हवा शिरते, पीट कुजून खचतं. तुम्ही 'नैसर्गिक' म्हणून निवडलेली तुलनेची जागा नव्वद वर्षांपूर्वीच्या चरापासून दहा मीटरवर असू शकते. म्हणून जुनी हवाई छायाचित्रं आणि नकाशे बघितल्याशिवाय एकही खुंट रोवू नका.

दुसरी चूक नकली पुनरावृत्तीची. एकाच ओहोळाच्या काठावर मोजणीच्या वीस चौकटी टाकल्या म्हणून तुमचे नमुने वीस होत नाहीत. ओहोळ एक, नमुना एक. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये ही चूक नावानिशी दाखवली आणि परीक्षक आजही तीच पहिली शोधतात. चार ओहोळ आणि प्रत्येकी पाच चौकटी हे एका ओहोळावरच्या चाळीस चौकटींपेक्षा कितीतरी भक्कम.

आणि पायवाट. मार्शवर एकाच रेषेत आठ-दहा वेळा गेलं की गवत मोडतं, पीट दबतं आणि दबलेल्या जागी पाणी साचतं. मिलिमीटर मोजणाऱ्याने स्वतःच सेंटिमीटरभर खड्डा पाडायचा, असं होऊ नये. मोजणीच्या जागी फळ्या टाका आणि चौकटीत पाय ठेवायचा नाही हा नियम पाहुण्यांनाही लावा.

उंची: सगळ्या कामाचा कणा

मार्शमध्ये 'समुद्रसपाटीपासून 1.4 मीटर' या आकड्याला एकट्याने अर्थ नाही. पाणी तिथवर किती वेळा आणि किती वेळ येतं, हे हवं. त्यासाठी जमिनीची उंची आणि पाण्याची उंची एकाच मानकावर आणावी लागते.

जमिनीसाठी आरटीके जीपीएस, म्हणजे स्थिर केंद्राच्या मदतीने जागच्या जागी चूक दुरुस्त करणारं जीपीएस. उभ्या दिशेत त्याची चूक साधारण 2 सेंटिमीटर असते. दांडी मऊ चिखलात रुतते, म्हणून तिच्या टोकाला तव्यासारखी सपाट चकती लावा. दिवस सुरू करताना आणि संपवताना माहीत असलेल्या खुणेवर माप घ्या. दोन्ही जुळले नाहीत तर त्या दिवसाची मापं बाजूला ठेवा. विमानातून घेतलेल्या लायडार नकाशावर भिस्त ठेवू नका. दाट गवतात लेझर जमिनीपर्यंत पोचत नाही आणि नकाशा जमीन आहे त्याहून दहा सेंटिमीटर, कधी त्याहूनही उंच दाखवतो. पट्ट्यांचा सगळा खेळ तेवढ्यातच असतो.

पाण्यासाठी ओहोळात दाबमापक लॉगर (आपोआप नोंद ठेवणारं यंत्र) बसवा आणि हवेचा दाब मोजणारा दुसरा लॉगर कोरड्या जागी ठेवा. हवेच्या दाबातला 1 हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे 1 सेंटिमीटर पाणी. वादळाच्या दिवशी ही वजाबाकी केली नाही तर आकडे 30 सेंटिमीटरनी खोटे येतील. पाण्याची घनता खाऱ्या पाण्याची भरा. गोड्या पाण्याची राहिली तर 2 मीटर खोलीला 5 सेंटिमीटरची चूक होते, आणि सॉफ्टवेअर तुम्हाला ते सांगत नाही. माझा पहिल्या हंगामाचा पाण्याचा सगळा हिशेब यामुळे पुन्हा करावा लागला. लॉगरची उंची त्याच आरटीकेने मोजा आणि हंगामाच्या शेवटी परत मोजा. खुंट रुतलेला असतो.

एक-दोन महिन्यांची नोंद जवळच्या कायम भरतीमापकाशी जुळवून 19 वर्षांच्या सरासरीवर आणावी लागते. तिथली अधिकृत भरतीपातळी कित्येक वर्षं 1983 ते 2001 या काळाची धरली जात आली आहे. आज तुमच्या मार्शवर पाणी त्या 'सरासरी भरती'च्या वर वारंवार दिसलं तर दचकू नका. मधल्या वर्षांत समुद्र वर आला आहे.

एसईटी: मिलिमीटर कसे मोजतात

सरफेस एलिव्हेशन टेबल, बोलताना नुसतं एसईटी. स्टेनलेस स्टीलची सळई जमिनीत जाईल तेवढी ठोकतात, पुढे सरकेनाशी होईपर्यंत. काही ठिकाणी ती वीस-पंचवीस मीटर जाते. तिच्या डोक्यावर आडवा हात बसवायचा, त्यातून नऊ काड्या जमिनीला हलकेच टेकवायच्या आणि हाताच्या वर उरलेली लांबी मोजायची. चार दिशा, म्हणजे 36 मापं.

हात कापणं, पातं जमीन समजून काडी त्यावरच थांबवणं, खेकड्याच्या बिळात काडी उतरवणं: चुका सगळ्या इथेच होतात. शक्यतो एकाच माणसाने माप घ्यावं. माणूस बदलणार असेल तर दोघांनी एकाच दिवशी एकाच खुणेवर मापं घेऊन फरक नोंदवावा. बीळ, खोड, शिंपला जे काही काडीखाली आलं ते त्या मापासमोर लिहा. नंतर गाळायचं की ठेवायचं हे घरी ठरवता येतं. न लिहिलेलं परत आणता येत नाही.

एसईटीच्या शेजारी अर्धा मीटर चौरसात फेल्डस्पार या पांढऱ्या खनिजाच्या पुडीचा थर पसरतात. वर्षा-दोन वर्षांनी छोटा गोळा कापून पाहिलं की पांढऱ्या रेघेवर किती गाळ साचला ते दिसतं. दोन्ही मिळून गोष्ट उलगडते. समजा, पांढऱ्या रेघेवर वर्षाला 4 मिलिमीटर साचतात आणि एसईटी जमीन 2.5 मिलिमीटरच चढली म्हणते. मग मधले 1.5 मिलिमीटर खाली मुळांच्या थरात दबले किंवा कुजून गेले. तिथला समुद्र 3.5 मिलिमीटरने चढत असेल तर दरवर्षी 1 मिलिमीटरची तूट. नुसती पांढरी रेघ मोजणारा म्हणेल, मार्श समुद्राच्या पुढे आहे. तो चुकीचा निष्कर्ष छापूनही येतो.

एसईटीचा कल निदान पाच वर्षांचा असल्याशिवाय ठामपणे सांगू नका. म्हणूनच आधी म्हटलं, जुन्या खुणा शोधा. सळईच्या टोकाखालची जमीन खचत असेल तर एसईटीला ते कळत नाही, म्हणून तुलना जगाच्या सरासरीशी न करता जवळच्या भरतीमापकाशी करा. व्हर्जिनियातल्या नॉरफोकजवळचा सूएल्स पॉइंट बॉस्टनपेक्षा कितीतरी वेगाने बुडतो, कारण तिथे जमीनही खाली जाते आहे.

मार्श ऑर्गन

मॉरिस यांनी रूढ केलेला हा प्रयोग एका हंगामात उरकतो, म्हणून मास्टर्सला फार सोयीचा. साधारण 15 सेंटिमीटर व्यासाचे पीव्हीसी पाइप वेगवेगळ्या उंचीच्या रांगांत ओहोळाच्या काठी बसवायचे, चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांसारखे. त्यात तिथलाच चिखल भरून मे महिन्यात रोपं लावायची. उंच पाइप म्हणजे कालचा समुद्र, बुटका पाइप म्हणजे उद्याचा.

उंच रांग उत्तरेला ठेवा, म्हणजे तिची सावली बुटक्या रांगांवर पडणार नाही. चिखल दोन आठवड्यांत खाली बसतो. पुन्हा भरा आणि उंची परत मोजा. सप्टेंबरमध्ये पाइप उभे चिरून मुळं 1 मिलिमीटरच्या चाळणीवर धुवायची. एका पाइपला अर्धा दिवस लागतो, हे वेळापत्रकात आधीच धरा. मुळं 60 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. पाइपमधलं पाणी खऱ्या मार्शसारखं आडवं निचरत नाही, ही या पद्धतीची मर्यादा. ती प्रबंधात स्वतःहून लिहा.

मुळांकडे दुर्लक्ष करू नका, मग वर गवत कितीही हिरवंगार दिसो. प्लम आयलंडमध्ये नऊ वर्षं भरतीच्या पाण्यात नायट्रेट वाढवून पाहिलं. 2012 मध्ये लिंडा डीगन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा होता की वरचं गवत वाढलं, पण चिखल धरून ठेवणारी मुळं कमी झाली आणि ओहोळांचे काठ कोसळले.

गाळाचा उभा नमुना

थोडक्यात सांगते, कारण प्रयोगशाळेची पद्धत तिथले लोक शिकवतात. थरांचं वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून ठरवतात. शिसं-210 चं अर्धायुष्य सुमारे 22 वर्षं, म्हणून ते शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत साथ देतं. सीझियम-137 चं शिखर 1963 च्या अणुचाचण्यांचं. पीटमध्ये चिकणमाती कमी असली तर सीझियम जागचं हलतं, म्हणून एकट्या सीझियमवर वय ठरवू नका. नळी ठोकताना पीट दबतं: नळीच्या आतली आणि बाहेरची पातळी दर वेळी मोजा. सेंद्रिय भागासाठी वाळवलेला नमुना 550 अंशांवर चार तास जाळून वजनातली घट बघतात.

वर्षाचं वेळापत्रक आणि जीव सांभाळणं

एप्रिलमध्ये पाणी इतकं थंड असतं की ओहोळात पडलात तर काही मिनिटांत बोटं चालेनाशी होतात. एकट्याने जायचं नाही. कुठे जातो आणि किती वाजता परततो ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगून जायचं. भरतीचा पल्ला अडीच मीटरच्या वर आहे: जाताना गुडघाभर असलेला ओहोळ परतताना डोक्यावर जातो. काम पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी सुरू करा आणि पाणी वळलं की आवरायला लागा. पाय रुतला तर ओढाताण नको. मागे बसा, वजन पसरा, पाय हळूहळू हलवत सोडवा. कोकणात चिखलात उतरणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही, पण शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याला सांगावं लागतं.

जुलैत ग्रीनहेड माश्या येतात आणि कापड भेदून चावतात. त्या दोन-तीन आठवड्यांत जड काम ठेवू नका. वरच्या कडेच्या गवतात गोचिड्या असतात, त्यांच्यातून लाइम रोग होतो. रोज घरी येऊन अंग तपासा. गवताचं वजन ऑगस्टमध्ये सर्वाधिक असतं, तेव्हा कापणी. हिवाळ्यात प्रयोगशाळा, पण फील्डकडे पाठ फिरवू नका. 4 जानेवारी 2018 च्या वादळात ग्रेट मार्शवर तरंगत्या बर्फाच्या लाद्यांनी गाळ आणून टाकला, आणि एका दिवसाची ती भर कित्येक वर्षांच्या संथ साचण्याच्या तोडीची होती. फक्त उन्हाळ्यात मोजणाऱ्याला ती दिसलीच नसती.

आकडे आणि लेखन

नोंद पेन्सिलीने, पाण्यात न विरघळणाऱ्या कागदावर, आणि त्याच संध्याकाळी फोटो. विश्लेषणात काडी, दिशा, एसईटीची सळई, ओहोळ या पायऱ्या जशा आहेत तशा मिश्र प्रतिमानात (एकात एक असलेले स्तर लक्षात घेणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत) बसवा. 36 मापं म्हणजे 36 नमुने नव्हेत.

निष्कर्ष लिहिताना हात आवरता घ्या. या क्षेत्रात खरा मतभेद आहे. मॅथ्यू कर्वन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलं की मार्शची असुरक्षितता पुष्कळदा वाढवून सांगितली जाते, कारण सखल मार्श जास्त गाळ अडकवतो आणि मागे जागा असली तर मार्श जमिनीकडे सरकतो. गाळ कमी असलेल्या न्यू इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या अनेकांना तेवढा भरवसा वाटत नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या मार्शबद्दल बोलत आहेत. तुमच्या मार्शला गाळ किती मिळतो, भरतीचा पल्ला किती आणि मागे रस्ता आहे की रान, हे तीन आकडे दिल्यावरच तुमचा निष्कर्ष कुणाच्या बाजूचा ते ठरेल.

परत येणाऱ्यांसाठी एक दुवा. एसईटी तिवरांतही तशीच चालते. आणि बांध घातलेल्या खाजणाचा प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे. केप कॉडवर हेरिंग नदीच्या मुखाशी 1909 मध्ये बांध घातला. खारं पाणी तुटलं, पीट सुकलं आणि आतली जमीन खचली. आता तिथे भरती परत आत घेण्याचं काम चालू आहे. गोव्याच्या खाजणांत मानशीच्या दारांनी भरतीचं पाणी आत-बाहेर सोडण्याची रीत शेकडो वर्षांची. कोकणातल्या खारभूमीत कित्येक बांध फुटून शेतं खारी पडली आहेत. त्या जमिनी बाहेरच्या भरतीपेक्षा किती खाली आहेत, हे आरटीके घेऊन कुणी मोजत बसलं तर एक उत्तम प्रबंध होईल.

जाण्याआधी

पदवी हाती आली की सामान बांधायची घाई होते. त्याआधी एक आठवडा राखून ठेवा. प्रत्येक एसईटी खुणेचे अक्षांश-रेखांश, तिच्याकडे जाणारी फळ्यांची वाट, हाताच्या चार दिशांचे अंश, कोणत्या काडीखाली बीळ आहे, शेवटचं माप कुणी घेतलं, फेल्डस्पारचा थर कधी पसरला, परवान्याची मुदत कधी संपते, कोणत्या जमीनमालकाला आधी फोन करावा लागतो: हे सगळं एका फाइलमध्ये लिहा. मग पुढच्या विद्यार्थ्याला एकदा ओहोटीच्या वेळी सोबत घेऊन जा आणि पहिल्या खुणेवरची 36 मापं त्याला घेऊ द्या. तुम्ही फळीवर बसून लिहा.